स्ट्रॅटेजी गेम्सच्या चाहत्यांच्या बातम्या आणि पॉडकास्ट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्ट्रॅटेजी गेम खेळणाऱ्यांच्या जगात नव्याने आलेले बहुतेक जण साधारण सारखेच प्रश्न विचारतात. बातमी कुठे मिळेल, कोणावर विश्वास ठेवायचा, दोन-दोन तासांचे पॉडकास्ट ऐकायचे कशाला, आणि आपणही काही करू शकतो का. त्यांची उत्तरं इथे एकत्र दिली आहेत. काही लांबली आहेत, कारण त्या प्रश्नांत सांगण्यासारखं खरंच पुष्कळ आहे.

गेमिंगच्या बातम्या सगळीकडे मिळतात. मग चाहत्यांनी चालवलेल्या बातम्या वेगळ्या कशाला हव्यात?

स्ट्रॅटेजी गेम कळायला वेळ लागतो, म्हणून. 'सिव्हिलायझेशन ६'चा नेहमीच्या वेगाचा डाव ५०० टर्नपर्यंत (टर्न म्हणजे प्रत्येकाची एकेक पाळी) जाऊ शकतो. 'क्रुसेडर किंग्ज ३'मध्ये १०६६ साली हाती घेतलेलं घराणं १४५३ पर्यंत न्यायचं म्हटलं तर कित्येक संध्याकाळी लागतात. परीक्षण लिहिणाऱ्या पत्रकाराच्या हाती गेम प्रकाशनाच्या थोडेच दिवस आधी पडतो. तेवढ्या वेळात तो चित्रं, संगीत, इंटरफेस आणि सुरुवातीचे शंभर टर्न यांबद्दल प्रामाणिकपणे लिहू शकतो. पण डाव शेवटी रटाळ होतो का, संगणकाचा राजा समुद्र ओलांडून हल्ला करू शकतो का, एखादी चाल इतकी जबर आहे का की बाकीच्या साऱ्या फुकट जाव्यात, हे तिसऱ्या-चौथ्या डावानंतर कुठे लक्षात येतं.

चाहत्यांची बातमी तिथून पुढे सुरू होते. मोठ्या संकेतस्थळांचं लक्ष पुढच्या गेमकडे गेलेलं असतं, तेव्हा ही मंडळी तिसऱ्या पॅचमुळे (गेममध्ये नंतर केलेल्या दुरुस्तीमुळे) कर आकारणीचं गणित कसं बदललं यावर बोलत असतात. मला हे काम फार मोलाचं वाटतं. एकेक गेम दहा-दहा वर्षं खेळला जातो आणि त्या दहा वर्षांचा लेखाजोखा चाहत्यांखेरीज फारसं कोणी ठेवत नाही.

हे सगळं सुरू कधी झालं?

सिड मायर आणि ब्रूस शेली यांचा पहिला 'सिव्हिलायझेशन' मायक्रोप्रोज कंपनीने १९९१ मध्ये आणला. इंटरनेट घरोघरी पोहोचल्यावर चाहत्यांची स्वतःची ठिकाणं उभी राहिली. १९९८ मध्ये 'अपॉलिटन' आणि २००० मध्ये 'सिव्हफॅनॅटिक्स'. तिथे बातम्या यायच्या, मॉड (खेळाडूंनी गेममध्ये केलेले बदल) आणि नकाशे साठवले जायचे आणि एकाच डावावर पानंच्या पानं चर्चा व्हायची.

पॉडकास्ट हा प्रकार २००४ च्या सुमारास लोकांना माहीत झाला आणि त्यानंतर दोनच वर्षांनी, २००६ मध्ये, अपॉलिटनच्या वर्तुळातून 'पॉलीकास्ट' सुरू झाला. 'सिव्हिलायझेशन' या एकाच गेम मालिकेला वाहिलेला कार्यक्रम वर्षानुवर्षं चालू शकतो, हे त्याने दाखवून दिलं. मॉड तयार करणाऱ्यांसाठी 'मॉडकास्ट' नावाचं त्याचं भावंडही निघालं. २००९ मध्ये 'थ्री मूव्ह्ज अहेड' आला. त्याने एका मालिकेपुरतं न राहता सगळे स्ट्रॅटेजी आणि वॉरगेम कवेत घेतले.

४एक्स, आरटीएस, ग्रँड स्ट्रॅटेजी यांत फरक काय?

आरटीएसमध्ये (रिअल-टाइम स्ट्रॅटेजी) घड्याळ थांबत नाही, सगळे एकाच वेळी खेळतात. 'एज ऑफ एम्पायर्स' आणि 'स्टारक्राफ्ट' या जातीतले. ४एक्समध्ये शोध, विस्तार, उपयोग आणि उच्छेद या चार गोष्टी करत शून्यातून साम्राज्य उभं करायचं असतं. 'मास्टर ऑफ ओरायन'बद्दल लिहिताना ॲलन एमरिक यांनी १९९३ मध्ये हे नाव वापरलं आणि ते टिकलं. ग्रँड स्ट्रॅटेजीत जग आधीच भरलेलं असतं, तुम्ही त्यातलं एक राज्य किंवा घराणं निवडता. पॉडकास्ट ऐकायला एवढं पुरे. सीमारेषेवरच्या गेमवरून वाद होतच राहतात.

पहिल्यांदा कोणता पॉडकास्ट ऐकू?

तुम्ही सध्या खेळत असलेल्या गेमचा. हे उत्तर फार साधं वाटेल, पण नवखे ऐकणारे नेमके इथेच अडखळतात. सगळ्यात नावाजलेला कार्यक्रम उघडतात, त्यात कधीही न खेळलेल्या गेमची चर्चा असते आणि वीस मिनिटांत कंटाळून बंद करतात. स्वतःचा डाव ताजा असताना त्यावरची चर्चा ऐकली की प्रत्येक वाक्य कुठेतरी जाऊन भिडतं.

त्यानंतर 'थ्री मूव्ह्ज अहेड'कडे वळा. तिथे गेम चांगला की वाईट एवढ्यावर चर्चा संपत नाही. रसदपुरवठा गेममध्ये कसा दाखवावा, इतिहास किती सोपा करावा, हरणं मजेशीर कसं होईल, असे प्रश्न तिथे घेतले जातात. गेम तयार करणाऱ्यांचं डोकं कसं चालतं हे समजून घ्यायचं असेल तर 'डिझायनर नोट्स' ऐका. त्याचे सूत्रधार सोरेन जॉन्सन स्वतः 'सिव्हिलायझेशन ४'चे मुख्य डिझायनर होते, पुढे त्यांनी 'ओल्ड वर्ल्ड' केला. ज्याने स्वतः हे काम केलंय तो विचारतो तेव्हा प्रश्न वेगळे येतात. एखादी गोष्ट का केली याच्या इतकंच, करायची ठरवून का सोडून दिली याबद्दलही तिथे बोललं जातं. माझ्या मते या विषयावरचं हे सगळ्यात श्रीमंत ध्वनिमुद्रण आहे.

भाग इतके लांब का असतात?

विषय लांब असतो. शिवाय हे गेम खेळणारी बरीच माणसं खेळतानाच ऐकतात. टर्न-बेस्ड गेममध्ये कान मोकळे असतात. अर्थात लांबी आणि पाल्हाळ यांत फरक आहे. पहिली पंधरा मिनिटं होस्टच्या आठवडाभराच्या गप्पांत जात असतील तर पुढे सरकवायला काही हरकत नाही. चांगले कार्यक्रम कोणत्या मिनिटाला काय आहे हे भागाच्या वर्णनात लिहून ठेवतात.

जुने भाग ऐकण्यात काही अर्थ आहे का? गेम तर बदलून गेलेला असतो.

दोन प्रकारच्या भागांत फरक करायला हवा. डावपेच शिकवणारे भाग लवकर शिळे होतात. 'स्टेलारिस'चं उदाहरण घ्या. २०१६ मध्ये तो आला तेव्हा ताऱ्यांमधल्या प्रवासाचे तीन मार्ग होते आणि खेळाडू त्यातला एक निवडायचा. २०१८ च्या फेब्रुवारीत आलेल्या २.० आवृत्तीने दोन मार्ग सुरुवातीच्या निवडीतून काढून सगळ्यांना हायपरलेनवर (ताऱ्यांना जोडणाऱ्या ठरलेल्या वाटांवर) आणलं. त्याच वर्षीच्या डिसेंबरमध्ये २.२ आवृत्तीने ग्रहांवरची चौकटींची पद्धत रद्द करून जिल्हे आणि नोकऱ्यांची पद्धत आणली. म्हणजे २०१६ चा सल्ला ऐकून तुम्ही आज खेळायला बसलात तर तो जवळपास दुसऱ्याच गेमबद्दलचा आहे. म्हणून असा भाग ऐकताना आधी तारीख आणि आवृत्तीचा क्रमांक बघा.

दुसऱ्या प्रकारचे भाग मुरत जातात. 'सिव्हिलायझेशन ५' २०१० मध्ये आला तेव्हा षट्कोनी घरं आणि एका घरात एकच लढाऊ तुकडी हा बदल कित्येकांना पचला नव्हता. धर्म आणि हेरगिरी गायब झाली म्हणून लोक नाराज होते. २०१२ च्या 'गॉड्स अँड किंग्ज' या एक्सपान्शनने (मूळ गेमला जोडायच्या विस्ताराने) त्या दोन्ही गोष्टी परत आणल्या. २०१३ च्या 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड'ने व्यापारी मार्ग, विचारसरणी आणि संस्कृतीच्या जोरावर जिंकण्याची नवी रीत दिली. आज तोच गेम मालिकेतल्या लाडक्या गेममध्ये गणला जातो. त्या तीन वर्षांतल्या चर्चा ओळीने ऐकल्या तर एका समुदायाचं मत हळूहळू कसं वळतं ते कानांनी अनुभवता येतं. हे कुठल्याही परीक्षणात सापडणार नाही.

बातमी खरी की अफवा, हे कसं ओळखायचं?

या प्रश्नाला 'न्यूक्लियर गांधी'पेक्षा चांगलं उत्तर माझ्याकडे नाही.

गोष्ट अशी सांगितली जाते. पहिल्या 'सिव्हिलायझेशन'मध्ये गांधींच्या आक्रमकतेचा आकडा सगळ्यात कमी, म्हणजे १ होता. लोकशाही स्वीकारली की तो २ ने घटायचा. संगणकाला त्या जागी ऋण आकडा ठेवता येत नव्हता म्हणून तो उलटून २५५ व्हायचा आणि शांततेचे पुजारी गांधी सगळ्यांवर अणुबॉम्ब टाकत सुटायचे. गोष्ट ऐकायला झकास आहे. तिच्यात तांत्रिक तपशील आहे, नेमका आकडा आहे, विसंगती आहे. २०१२ च्या सुमारास ती इंटरनेटवर पसरू लागली आणि बघता बघता लेखांत, व्हिडिओंत, अगदी प्रोग्रॅमिंग शिकवणाऱ्या उदाहरणांतही जाऊन बसली.

असा बग कधी नव्हताच. सिड मायर यांनी २०२० मध्ये आलेल्या आत्मचरित्रात तसं स्पष्ट लिहिलं. 'सिव्हिलायझेशन २'चे मुख्य डिझायनर ब्रायन रेनॉल्ड्स यांनीही सांगितलं की पहिल्या गेममध्ये आक्रमकतेच्या तीनच पातळ्या होत्या आणि गांधींची सगळ्यात खालची पातळी एकूण एक तृतीयांश नेत्यांची होती. मग खरं काय होतं? 'सिव्हिलायझेशन ५'मध्ये जॉन शेफर यांनी गांधींचा अण्वस्त्रं वापरण्याकडचा कल मुद्दाम वर नेऊन ठेवला होता. ती एक ठरवून केलेली गंमत होती. पुढच्या काळात लोकांनी तिची मुळं मागे १९९१ पर्यंत नेऊन चिकटवली.

यातून बातमी वाचणाऱ्याने काय घ्यायचं? तपशील नेमका आहे म्हणजे माहिती खरी आहे असं नाही. पहिला प्रश्न नेहमी हाच विचारा की हे मुळात कोणी पाहिलं. पहिला गेम आजही चालवता येतो, त्याच्या फायली उघडून बघता येतात. इतक्या वर्षांत ही गोष्ट सांगणाऱ्या हजारो लोकांपैकी फार थोड्यांनी ते केलं. दुसरं म्हणजे, दहा ठिकाणी एकच वाक्य थोड्याफार फरकाने दिसत असेल तर ते दहा पुरावे धरू नका. बहुधा एकाच ठिकाणाहून नऊ जणांनी उचललेलं असतं.

लीक आणि डेटामायनिंगच्या बातम्या वाचाव्यात का?

वाचा, पण त्यांची प्रतवारी मनात पक्की ठेवा. स्टुडिओने स्वतः जाहीर केलेली गोष्ट सगळ्यात वर. त्याखाली स्टीम या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानातल्या नोंदींच्या हालचाली, वयोगट ठरवणाऱ्या संस्थांच्या यादीत अचानक आलेलं नाव अशा गोष्टी. या खऱ्या असतात, पण त्यांचा अर्थ लावण्यात चूक होऊ शकते. त्याखाली गेमच्या फायलींत सापडलेले शब्द, म्हणजे डेटामायनिंग. फायलीत एखाद्या संस्कृतीचं नाव सापडलं याचा अर्थ एवढाच की कधीतरी कोणीतरी ते टाइप केलं होतं. अर्धवट सोडलेल्या कल्पना फायलींत वर्षानुवर्षं पडून राहतात. सगळ्यात खाली 'माझ्या ओळखीतल्या एकाने सांगितलं' हा प्रकार.

प्रामाणिक बातमीदार आणि प्रामाणिक पॉडकास्ट यातलं काय कोणत्या पायरीवर आहे ते प्रत्येक वेळी उघड सांगतात. जो सांगत नाही त्याचं ऐकणं सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

डेव्ह डायरी म्हणजे काय? त्या वाचायची सवय लावून घ्यावी का?

गेम तयार करणारी मंडळी दर आठवड्याला किंवा पंधरवड्याला एकेक अंग समजावून सांगतात, त्या लेखांना डेव्ह डायरी म्हणतात. 'क्रुसेडर किंग्ज' आणि 'स्टेलारिस'वाल्या पॅराडॉक्स कंपनीने ही पद्धत सगळ्यात निष्ठेने चालवली आहे.

'टिंटो टॉक्स' हे त्यातलं विलक्षण प्रकरण. २०२४ च्या फेब्रुवारीत पॅराडॉक्सच्या टिंटो या स्टुडिओने एका नव्या गेमबद्दल लिहायला सुरुवात केली, पण गेमचं नाव सांगितलं नाही. 'प्रोजेक्ट सीझर' एवढंच. लोकसंख्या, बाजारपेठा, राज्यकारभार यांवर आठवड्यामागून आठवडे लेख येत राहिले. मग 'टिंटो मॅप्स' आले. एकेका प्रदेशाचे कच्चे नकाशे समोर ठेवायचे आणि चुका दाखवा म्हणायचं. चाहत्यांनी खरोखरच दाखवल्या. कुठली नदी चुकली, कुठल्या जहागिरीची हद्द सरकली, कुठल्या डोंगराळ भागात कोणती भाषा बोलली जायची, हे सगळं पुराव्यांसकट. त्यानुसार नकाशे सुधारून पुन्हा मांडले गेले. २०२५ च्या मेमध्ये 'युरोपा युनिव्हर्सालिस ५' हे नाव अधिकृतपणे जाहीर झालं, तोवर चाहत्यांना ते केव्हाच उमगलं होतं. ४ नोव्हेंबर २०२५ ला गेम बाजारात आला.

तेव्हा हो, वाचा. आणि लेखाखाली जमलेली चर्चाही वाचा, विशेषतः जिथे स्टुडिओचे लोक स्वतः उत्तरं देतात. कित्येकदा खरी बातमी अशाच एखाद्या ओळीच्या उत्तरात दडलेली असते. चाहत्यांचं बातमीपत्र चालवणारा माणूस ती शोधून वर काढतो.

पॅच नोट्स वाचून काही कळत नाही. काय करू?

पॅच नोट्स म्हणजे पॅचमध्ये काय बदललं त्याची यादी. तिच्यातल्या आकड्यांकडे नंतर बघा. आधी काय काढून टाकलं आणि कशाची किंमत बदलली ते शोधा. नवीन भर घातलेल्या गोष्टी ठळक लिहिलेल्या असतात, पण तुमच्या डावावर परिणाम बहुतेक वेळा किमतीतल्या बदलांचा होतो. एखादी इमारत वीस टक्के महाग झाली तर तिच्यावर उभी असलेली सुरुवातीची सगळी आखणी चार-सहा टर्न मागे पडते आणि तेवढ्यात शेजारी तुमच्या सीमेवर येऊन थांबतो. पॉडकास्टची खरी गरज इथे भासते. बदललेला आकडा नोट्समध्येच असतो, त्याचे परिणाम अनुभवी खेळाडू बोलून दाखवतात.

चाहत्यांचं कोणी ऐकतं का, की नुसतीच बडबड?

ऐकतात, आणि या प्रकारच्या गेममध्ये जरा जास्तच ऐकतात.

'सिव्हिलायझेशन ४' २००५ मध्ये आला. पुढच्याच वर्षी तो तयार करणाऱ्या फिरॅक्सिसने गेमच्या गाभ्याचा सोर्स कोड मॉड करणाऱ्यांसाठी खुला केला. त्यातून 'फॉल फ्रॉम हेवन'सारखा मॉड तयार झाला. त्यात जादू, देवदेवता आणि संपूर्ण वेगळं जग होतं. 'ऱ्हाइज अँड फॉल'मध्ये प्रत्येक संस्कृती तिच्या खऱ्या ऐतिहासिक काळी, खऱ्या जागी उगवते. २००७ च्या 'बियाँड द स्वोर्ड' या अधिकृत एक्सपान्शनमध्ये 'ऱ्हाइज अँड फॉल' आणि 'फॉल फ्रॉम हेवन'वर बेतलेला एक प्रसंग असे दोन्ही सामील झाले. 'फॉल फ्रॉम हेवन'चे कर्ते डेरेक पॅक्स्टन पुढे स्टारडॉक या गेम कंपनीत गेले आणि तिथे त्यांनी 'फॉलन एन्चँट्रेस' घडवला.

'एक्सकॉम'चा 'लाँग वॉर' हा मॉड इतका गाजला की २०१६ मध्ये 'एक्सकॉम २' आला त्याच दिवशी त्याच मंडळींनी तयार केलेले मॉड खेळाडूंना उपलब्ध होते. नंतर त्यांनी स्वतःचा 'टेरा इन्व्हिक्टा' केला. 'एज ऑफ एम्पायर्स २'ची कहाणी तर मला सगळ्यात आवडते. १९९९ चा गेम. स्टुडिओने त्यात भर घालणं केव्हाच थांबवलं होतं. २०१२ मध्ये चाहत्यांनी स्वतःचं 'फरगॉटन एम्पायर्स' नावाचं एक्सपान्शन बाहेर काढलं. २०१३ मध्ये तेच अधिकृत झालं आणि पुढे त्या गटाचा स्टुडिओ होऊन २०१९ च्या डेफिनिटिव्ह एडिशनच्या कामात सहभागी झाला.

रागही ऐकला जातो. २०२३ मध्ये 'टोटल वॉर: वॉरहॅमर ३'च्या 'शॅडोज ऑफ चेंज' या डीएलसीची (विकत घ्यायच्या जादा भागाची) किंमत आणि त्यातला तुटपुंजा ऐवज यावरून मोठा असंतोष झाला. वर्ष संपता संपता गेम तयार करणाऱ्या क्रिएटिव्ह असेंब्लीने माफी मागितली, 'टोटल वॉर' मालिकेतल्याच 'फॅरो'ची किंमत उतरवून आधी घेतलेल्यांना काही रक्कम परत केली आणि 'शॅडोज ऑफ चेंज'मध्ये नंतर मोफत भर घातली. त्या काळातले चाहत्यांचे पॉडकास्ट ऐकून बघा. ज्यांनी आधीच्या डीएलसींशी तुलना मांडून शांतपणे मुद्दा सिद्ध केला त्यांचं बोलणं आजही ऐकण्यासारखं आहे. नुसत्या आरडाओरड्याबद्दल तसं म्हणता येत नाही.

नवा गेम आला की शिव्याशापांचा पाऊस पडतो. घ्यावा की नाही ते कसं ठरवायचं?

'सिव्हिलायझेशन ७' फेब्रुवारी २०२५ मध्ये आला तेव्हा स्टीमवरची मतं मिश्र होती. डाव तीन युगांत विभागलेला आणि प्रत्येक युगात संस्कृती बदलायची, हा बदल मालिकेच्या मुळावरच जाणारा होता. अशी कल्पना २०२१ च्या 'ह्यूमनकाइंड'ने आधी आजमावली होती, त्यामुळे वादाला जुनी पार्श्वभूमीही होती.

अशा वेळी स्टीमवरच्या प्रत्येक मतासोबत दिलेले तास बघा. तीन तास खेळलेला माणूस इंटरफेसबद्दल खरं बोलत असतो, समतोलाबद्दल त्याचं ऐकू नका. दीडशे तास खेळून नापसंतीचा अंगठा देणाऱ्याचं म्हणणं मात्र शब्दन् शब्द वाचा. आणि शक्य असेल तर, पहिल्या आठवड्यातला आणि तीन महिन्यांनंतरचा असे एकाच पॉडकास्टचे दोन भाग ऐका. होस्टचं मत कशामुळे बदललं किंवा बदललं नाही, यातून तुम्हाला हवं ते उत्तर मिळेल.

एखादा गेम 'मेला' असं कधी म्हणायचं?

घाई करू नका. 'इम्परेटर: रोम'चं काम पॅराडॉक्सने २०२१ मध्ये थांबवलं, पण चाहत्यांचा 'इन्व्हिक्टस' मॉड त्यात भर घालत राहिला. 'टोटल वॉर: थ्री किंग्डम्स'चं अधिकृत काम त्याच वर्षी बंद झालं, तरी तो आवडीने खेळला जातो. 'फ्रीसिव्ह' तर १९९५ मध्ये डेन्मार्कमधल्या आर्हुस विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी सुरू केला आणि स्वयंसेवकांच्या बळावर पुढे दशकानुदशकं चालला.

मी चांगला खेळाडू नाही. माझा इथे काय उपयोग?

२०१२ मध्ये रेडिटवर एका खेळाडूने सांगितलं की 'सिव्हिलायझेशन २'चा एकच डाव तो दहा वर्षं अधूनमधून खेळतोय. गेममध्ये साल होतं ३९९१. जगात तीनच सत्ता उरल्या होत्या, त्यांच्यात सतराशे वर्षं युद्ध चालू होतं, ध्रुवांवरचा बर्फ कितीतरी वेळा वितळून गेला होता आणि शेतीयोग्य जमीन दलदलीत बुडाली होती. त्याला हे युद्ध थांबवता येत नव्हतं, म्हणून त्याने मदत मागितली. त्याने सेव्ह फाइल दिली आणि इतरांनी तो डाव सोडवलाही. पण लोकांच्या लक्षात राहिलं ते त्याचं वर्णन. त्यावर कथा लिहिल्या गेल्या, चित्रं काढली गेली, जगभर बातम्या झाल्या. तो माणूस विजेता म्हणून ओळखला गेला नाही. त्याने आपला अडलेला डाव नीट सांगितला.

डावाची हकिगत लिहिण्याची या समुदायात जुनी परंपरा आहे. तिला एएआर (आफ्टर ॲक्शन रिपोर्ट) म्हणतात आणि पॅराडॉक्सच्या खेळाडूंनी तिचं अक्षरशः साहित्य केलंय. सक्सेशन गेममध्ये एकच डाव अनेक जण वाटून खेळतात. ठरावीक टर्न खेळायचे, काय केलं ते लिहायचं आणि सेव्ह फाइल पुढच्याकडे द्यायची. नवख्यासाठी यापेक्षा चांगली शाळा नाही, कारण तुमच्या आधीच्याने शहर तिथेच का वसवलं याचं कारण त्याने लिहून ठेवलेलं असतं. खेळायचंच नसेल तर 'सिव्ह बॅटल रॉयाल'सारखे प्रकार बघा. त्यात सगळ्या संस्कृती संगणक चालवतो आणि माणसं नुसती बघतात, बाजू घेतात आणि हळहळतात.

स्वतःचा पॉडकास्ट सुरू करायचा आहे. कुठून सुरुवात करू?

विषय अरुंद ठेवा. 'स्ट्रॅटेजी गेम्सबद्दल सगळं' असा कार्यक्रम काढला तर प्रत्येक भागाला काय बोलायचं हा प्रश्न पडेल. 'दर भागात एक मॉड' किंवा 'एका संस्कृतीचे शंभर टर्न' असं काही ठरवलं तर विषय आपोआप पुढे सरकतो.

आवाजावर मेहनत घ्या. महागडा मायक्रोफोन नंतर घेता येईल. आधी कपाटात कपडे असलेली, पडदे असलेली खोली शोधा, मायक्रोफोन तोंडापासून वीतभर अंतरावर ठेवा आणि सगळ्यांना हेडफोन घालायला लावा, नाहीतर एकाचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये शिरतो. दूर बसून बोलणार असाल तर प्रत्येकाने आपापल्या संगणकावर स्वतःचा आवाज वेगळा रेकॉर्ड करावा. सुरुवातीला सगळ्यांनी एकदम टाळी वाजवली की ती खूण धरून फायली जुळवता येतात. संपादनाला ऑडॅसिटी हे मोफत सॉफ्टवेअर पुरतं. स्टिरिओ फाइलची ध्वनिपातळी उणे १६ एलयूएफएसच्या (ध्वनिपातळी मोजायचं एकक) आसपास ठेवली तर ऐकणाऱ्याला सारखा आवाज कमी-जास्त करावा लागत नाही.

बोलताना एक गोष्ट सांभाळा. ऐकणाऱ्याला नकाशा दिसत नसतो. 'मग मी इथे शहर टाकलं आणि हा इकडून आला' या वाक्यातून त्याला काहीच मिळत नाही. नदी कुठे, डोंगर कुठे, शेजारी किती टर्नच्या अंतरावर, हे आधी दोन वाक्यांत उभं करा. आणि प्रत्येक भागाच्या सुरुवातीला गेमची आवृत्ती, एक्सपान्शन आणि काठिण्यपातळी सांगा. तीन वर्षांनी ऐकणारा तुमचे आभार मानेल.

गेममधलं संगीत वापरता येतं का?

परवानगीशिवाय नको. 'सिव्हिलायझेशन ४'चं क्रिस्तोफर टिन यांनी रचलेलं 'बाबा येतू' २०११ मध्ये ग्रॅमी मिळवणारं पहिलं गेम-संगीत ठरलं. त्यामुळे प्रत्येक चाहत्याला तेच लावावंसं वाटतं, पण त्याचे हक्क राखीव आहेत. स्टुडिओ खेळाच्या चित्रणाला परवानगी देतात तेव्हा संगीत त्यात येतंच असं नाही. मोकळ्या परवान्याचं संगीत घ्या किंवा एखाद्या ऐकणाऱ्यालाच चार ओळी वाजवून मागा.

स्टुडिओने गेम मोफत पाठवला तर?

घ्या, आणि भागाच्या सुरुवातीलाच तसं सांगा. एम्बार्गोची (परीक्षण त्याआधी प्रसिद्ध न करण्याची) तारीख मान्य केली असेल तर ती पाळा. पण परीक्षण चांगलंच हवं अशी अट कोणी घातली, तर गेम परत करून विकत घ्या.

जुने भाग आणि चर्चा नाहीशा होतात. ते थांबवता येईल का?

पूर्ण थांबवता येणार नाही, पण पुष्कळ वाचवता येईल. २०१४ च्या मेअखेर गेमस्पायची सेवा बंद झाली, तेव्हा कित्येक जुन्या गेम्सची ऑनलाइन खेळण्याची सोय एका फटक्यात गेली. पॉडकास्टचं त्याहून नाजूक असतं. कोणीतरी होस्टिंगचे पैसे भरणं थांबवतो आणि शंभर भाग एका रात्रीत दिसेनासे होतात. कोणी बातमीही करत नाही.

तुम्ही कार्यक्रम चालवत असाल तर मूळ फायलींची एक प्रत स्वतःकडे आणि एक इंटरनेट आर्काइव्हवर ठेवा. फाइलच्या नावात तारीख, गेम आणि आवृत्ती लिहा. 'भाग ४७ अंतिम नवीन' असं नाव पाच वर्षांनी तुम्हालाही उलगडणार नाही. भागाचं वर्णन आत मेटाडेटात भरून टाका, कारण संकेतस्थळ गेलं तरी फाइल हिंडत राहते. तुम्ही नुसते ऐकणारे असाल तर आवडत्या कार्यक्रमाचे भाग उतरवून ठेवा आणि कार्यक्रम बंद पडला तर ते पुन्हा मांडण्याआधी होस्टला विचारा. बहुतेक जण आनंदाने हो म्हणतात, आणि काहींना आपलेच हरवलेले भाग तुमच्याकडून परत मिळतात.